कंपनी गेली, नोंदी राहिल्या: टेलिनॉर म्यानमारचं प्रकरण

मी टेलिकॉम बिलिंगमध्ये काम करतो, म्हणजे सीडीआर हा माझा रोजचा विषय. सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला फोन गेला, किती वाजता, किती सेकंद बोलणं झालं आणि फोन त्यावेळी कुठल्या टॉवरला जोडलेला होता, एवढंच त्यात असतं, बोलण्यातलं एक अक्षरही नसतं. बिलासाठी बनलेली गोष्ट आहे ती. पण एखाद्या माणसाचे सहा महिन्यांचे सीडीआर समोर ठेवले तर तो रात्री कुठे झोपतो, कुणाला रोज फोन करतो, मोर्चाच्या दिवशी कुठे होता, आणि मोर्चानंतर पहिला फोन कुणाला केला, हे सगळं अर्ध्या तासात सांगता येतं. म्हणूनच म्यानमारमधलं हे प्रकरण, म्हणजे नॉर्वेची टेलिनॉर लष्करी राजवटीत आपला धंदा विकून निघाली आणि ग्राहकांच्या नोंदी नव्या मालकाच्या हाती गेल्या ते, मी गेली काही वर्षं डोक्यातून काढू शकलेलो नाही.

कंपनीचं नाव आणि तिचे निर्णय सगळे जाहीर आहेत त्यामुळे ते लपवत नाही, पण ग्राहक आणि तिथले कर्मचारी यांची नावं, ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळलेत. त्यातले बरेच जण अजून तिथेच आहेत.

पार्श्वभूमी

म्यानमार म्हणलं की आपल्याला मंडाले आठवतं, टिळक तिथल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ होते. १९३७ पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता, त्यामुळे १८८५ चा टेलिग्राफ कायदा आपल्याकडे होता तसाच तिकडेही होता. फोन ऐकायचा अधिकार सरकारकडे असणं ही दोघांचीही जुनी सवय.

पुढे १९६२ पासून जवळपास पन्नास वर्षं लष्कराचं राज्य. त्या काळात सिमकार्ड ही श्रीमंतांची वस्तू होती, एका सिमला हजार डॉलरच्या वर मोजावे लागायचे असेही दिवस होते. २०११ नंतर थोडं मोकळं झालं, आणि २०१३ मध्ये परदेशी कंपन्यांना दोन मोबाईल लायसन्स द्यायचं ठरलं. एक मिळालं कतारच्या ओरेडूला, दुसरं नॉर्वेच्या टेलिनॉरला. टेलिनॉर म्हणजे आपल्याकडे २००९ मध्ये युनिनॉर म्हणून आलेली तीच कंपनी, महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये सुद्धा होती, बऱ्याच जणांच्या ड्रॉवरमध्ये तिचं सिम अजून सापडेल. निम्म्याहून जास्त शेअर नॉर्वे सरकारचे.

सप्टेंबर २०१४ मध्ये टेलिनॉरने मंडालेपासून सुरुवात केली. सिमची किंमत १५०० च्यात (च्यात म्हणजे तिथलं चलन), म्हणजे साधारण दीड डॉलर. लोकांनी रांगा लावल्या. काही वर्षांत १ कोटी ८० लाखांच्या वर ग्राहक झाले, देशाची लोकसंख्या साडेपाच कोटीच्या आसपास, म्हणजे तिसरा माणूस यांच्याकडे. आणि लोकांनी टेलिनॉर फक्त स्वस्त म्हणून घेतलं असं नाहीये. बाजारात एमपीटी होती ती सरकारी, नंतर आलेल्या मायटेलमध्ये तर लष्कराचाच पैसा, त्यापेक्षा ही नॉर्वेवाली कंपनी आपली माहिती जपेल असा भरवसा होता. दगडापेक्षा वीट मऊ. हा भरवसा कंपनीनेही आनंदाने वाढवला, मानवी हक्क, पारदर्शकता यावर ती तिथे उघडपणे बोलायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी नैतिक जबाबदारी माझ्या मते इथून सुरू होते.

अडचण कुठे होती

बहुतेक लेखांमध्ये हे प्रकरण १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू होतं, ज्या पहाटे लष्कराने आंग सान सू ची आणि निवडून आलेल्या बाकी नेत्यांना उचललं आणि लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता घेतली. मला ते पटत नाही.

२००८ ची तिथली राज्यघटना बघा. संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव, गृह, संरक्षण आणि सीमा ही तिन्ही खाती लष्कराच्याच माणसाकडे. म्हणजे कंपनी ज्या दिवशी आत शिरली त्या दिवशी पोलीस कुणाच्या हाताखाली आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. २०१३ च्या टेलिकॉम कायद्यात कलम ७७ होतं, आणीबाणीसारख्या परिस्थितीत सेवा थांबवा, संदेश अडवा, माहिती द्या असं सांगायचा अधिकार सरकारला. त्यावर कोर्टाची परवानगी वगैरे नीट चौकट नव्हती.

आणि हे अधिकार कागदावर राहिले नाहीत, निवडून आलेल्या सरकारच्याच काळात वापरले गेले. २०१७ मध्ये राखाइन प्रांतात रोहिंग्यांवर लष्कर चालून गेलं, सात लाखांच्या वर लोक बांगलादेशात पळाले, कंपनी देशात राहिली. जून २०१९ मध्ये राखाइन आणि चिन भागातल्या नऊ तालुक्यांत मोबाईल इंटरनेट बंद करा असा हुकूम आला, टेलिनॉरने तो जाहीर केला, नाराजी सांगितली, कारणं विचारली, आणि बंद केलं. मार्च २०२० मध्ये वेबसाइट ब्लॉक करायच्या याद्या आल्या. त्यातल्या काही साइट 'खोट्या बातम्या' म्हणून यादीत होत्या, त्या ब्लॉक करायला कायद्याचा आधार दिसत नाही असं म्हणून टेलिनॉरने आधी नकार दिला, आणि काही आठवड्यांनी त्याही ब्लॉक केल्या. 

मला हा नकार आणि मग होकार फार महत्त्वाचा वाटतो. इथे सरकार निवडून आलेलं होतं, कुणाच्या डोक्याला बंदूक नव्हती, नाही म्हणायची किंमत सगळ्यात कमी होती, आणि तरी नकार काही आठवडेच टिकला. लष्कर हे सगळं बघत होतं.

लष्कराच्या उठावानंतर वेग एकदम वाढला. ४ फेब्रुवारीला फेसबुक बंद करायचा हुकूम, दुसऱ्या दिवशी ट्विटर आणि इन्स्टाग्राम, ६ तारखेला अख्ख्या देशाचं इंटरनेट. १३ तारखेला नागरिकांच्या खासगीपणाच्या कायद्यातली महत्त्वाची कलमं स्थगित, म्हणजे वॉरंटशिवाय घरात घुसणं, अटकेत ठेवणं, फोनची माहिती मागणं, सगळं 'कायदेशीर'. १५ तारखेपासून रात्री १ ते सकाळी ९ इंटरनेट बंद, त्याच वेळात लोकांना घरातून उचलून न्यायचे. १५ मार्चला मोबाईल डेटाच बंद.

आता कंपनीपुढे दोन वेगवेगळ्या मागण्या होत्या आणि बातम्यांमध्ये त्या नेहमी एकमेकांत मिसळतात म्हणून जरा सोडवून सांगतो. पहिली मागणी लाईव्ह इंटरसेप्टची. म्हणजे नेटवर्कमध्ये एक यंत्रणा बसवायची आणि सुरू करायची, मग सरकारी माणूस कंपनीला न विचारता हवा तो कॉल, हवा तो मेसेज थेट बघू शकतो. दुसरी मागणी जुन्या नोंदींची. हा नंबर, याचे गेल्या इतक्या महिन्यांचे सीडीआर द्या, सिम घेताना दिलेलं ओळखपत्र द्या, शेवटचं लोकेशन द्या. पहिलीसाठी नवीन मशीन लागतं, युरोपने म्यानमारवर घातलेले निर्बंध मोडावे लागतात, त्यामुळे तिच्यावर सगळ्या जगाचं लक्ष असतं. दुसरीला फक्त एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, लागते, ती आमच्यासारखे लोक दिवसातून पन्नास वेळा चालवतात.

समोरचे पर्याय

कंपनी इकडे आड तिकडे विहीर अशी अडकली होती हे मी नाकारत नाही, आणि कुठला पर्याय स्वच्छ होता असंही नाही.

राहायचं आणि सगळं मानायचं, हा एक. यात युरोपियन निर्बंध मोडायची पाळी येत होती, म्हणून कायद्यानेच दार बंद.

राहायचं आणि नाही म्हणायचं, हा दुसरा. याची किंमत ओस्लोतल्या संचालकांनी भरली नसती, यांगूनमधल्या कर्मचाऱ्याने भरली असती. कंपनीत सातशेच्या वर लोक होते, बहुतेक म्यानमारचेच. तिथे त्या दिवसांत रस्त्यावर गोळ्या चालत होत्या. हुकूम मोडला तर तुरुंगात कोण जाणार हे सांगायला नको.

तिसरा, लायसन्स परत करून नेटवर्क बंद करायचं. यात १ कोटी ८० लाख लोकांचे फोन एका दिवसात मुके होतात, आंदोलन करणाऱ्यांचे सुद्धा, आणि टॉवर, सर्व्हर, नोंदी सगळं देशातच राहतं, सरकार जप्त करू शकतं.

चौथा, विकून निघायचं. सेवा चालू राहते, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या राहतात, थोडे पैसेही येतात. पण नोंदी नवीन मालकाकडे.

पाचवा, जो तिथल्या नागरी संघटना जीव तोडून मागत होत्या, तो म्हणजे निघायच्या आधी जुन्या नोंदी पुसून टाका. कंपनीचं म्हणणं असं की नोंदी ठेवणं स्थानिक कायद्याने बंधनकारक आहे, पुसल्या तर कर्मचाऱ्यांचा जीव धोक्यात येईल. मला ही सबब खोटी वाटत नाही. सीडीआर एका ठिकाणी नसतात, बिलिंगमध्ये असतात, डेटा वेअरहाऊसमध्ये असतात, बॅकअपच्या टेपवर असतात, डिझास्टर रिकव्हरीच्या साइटवर असतात. त्या पुसायच्या तर दहा-पंधरा लोकांनी लॉगिन करून पुसाव्या लागतात आणि प्रत्येक लॉगिनची नोंद होते. म्हणजे पुसणाऱ्याचं नाव राहतं.

प्रत्यक्षात काय केलं

उठावानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत टेलिनॉरने एक चांगली गोष्ट केली. सरकारकडून येणारा प्रत्येक हुकूम ती वेबसाइटवर टाकत होती, तारीख घालून. कुठलं बंद करायला सांगितलं, आम्ही काय केलं. लोकांना निदान कळत होतं. १४ फेब्रुवारीला कंपनीने सांगितलं की आता हुकूम जाहीर करणं आम्हाला शक्य नाही. तिथून पुढे ग्राहकाला काहीच दिसेनासं झालं.

मे महिन्यात कंपनीने म्यानमारमधला सगळा धंदा हिशेबातून शून्य केला, साडेसहा अब्ज नॉर्वेजियन क्रोनर बुडीत धरले. जूनमध्ये टेलिकॉम कंपन्यांच्या वरच्या परदेशी अधिकाऱ्यांना परवानगीशिवाय देश सोडायला मनाई झाल्याची बातमी रॉयटर्सने दिली, पाठोपाठ ५ जुलैपर्यंत इंटरसेप्ट यंत्रणा पूर्ण सुरू करा असं पत्र. ८ जुलैला टेलिनॉरने जाहीर केलं की म्यानमारचा धंदा १०.५ कोटी डॉलरला लेबनॉनच्या एम१ ग्रुपला विकतोय.

एम१ म्हणजे मिकाती कुटुंबाचा उद्योग, त्यातलेच नजीब मिकाती दोन महिन्यांनी लेबनॉनचे पंतप्रधान झाले. म्यानमारमध्ये मायटेलला टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपनीत एम१ ची गुंतवणूक आधीपासून होती, त्यावरून हक्क संघटनांनी तिला नावं ठेवलेली होती. म्हणजे खरेदीदार कोण आहे हे विकताना माहीत होतं.

सप्टेंबरमध्ये टेलिनॉरने उघड सांगितलं की इंटरसेप्ट यंत्रणा सुरू करायचा दबाव आहे, ती सुरू केली तर आम्हाला बंधनकारक असलेले निर्बंध मोडतील, म्हणून आम्हाला निघावं लागतंय. लाईव्ह इंटरसेप्ट त्यांनी सुरू केलं नाही असंच त्यांचं म्हणणं आहे. आणि दुसरी मागणी? पत्रकारांच्या बातम्यांनुसार उठावानंतरच्या वर्षभरात ग्राहकांच्या माहितीच्या किमान दोनशे मागण्या कंपनीने पूर्ण केल्या. एकेका मागणीत एकापेक्षा जास्त नंबर असू शकतात.

जुलै २०२१ मध्येच ४७४ म्यानमारी नागरी संघटनांच्या वतीने सोमो या डच संस्थेने नॉर्वेच्या ओईसीडी संपर्क केंद्राकडे (कंपन्यांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी ऐकणारी यंत्रणा) तक्रार दाखल केली, की विक्री करताना ग्राहकांना काय धोका होईल याचा नीट विचार झाला नाही, लोकांशी बोलणं झालं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका म्यानमारी ग्राहकाच्या वतीने नॉर्वेतल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडेही तक्रार गेली. विक्री थांबली नाही.

आतल्या माणसांचं काय

इथे मला जरा थांबायचंय, कारण व्यवसायाच्या नैतिकतेवर लिहिणारे बहुतेक लोक कंपनी हा एकच माणूस असल्यासारखं बोलतात.

ऑर्डर येते ती लीगलकडे. लीगल ती तपासतं, फॉर्मॅट बरोबर आहे का, सही कुणाची. मग ती टेक्निकल टीमकडे जाते. तिथे एक इंजिनियर असतो, त्याला नंबरांची यादी मिळते, त्या नंबरांमागे कोण आहे हे त्याला माहीत असतं किंवा नसतं. तो क्वेरी चालवतो, फाईल बनवतो, पुढे पाठवतो. पाच मिनिटांचं काम.

त्याच काळात म्यानमारमधले हजारो डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी, बँकेतले लोक सविनय आंदोलनात उतरून कामावर जात नव्हते. सरकारी क्वार्टरमधून बाहेर काढले गेले, पकडले गेले. म्हणजे नाही म्हणणं शक्य होतं आणि त्याची किंमत काय तेही दिसत होतं. मग त्या इंजिनियरने नाही म्हणायला हवं होतं का? मी इथे पुण्यात एसीत बसून त्याला हवं होतं असं म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण त्याची काहीच जबाबदारी नव्हती असंही म्हणवत नाही. आपल्याकडे २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूर शाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, तो स्विच पंतप्रधानांनी स्वतः नाही दाबला, वीज खात्यातल्या कुणातरी माणसाने दाबला.

मी माझ्यापुरतं असं ठरवलंय की ज्याच्याकडे निघून जायची सोय जास्त आणि ज्याला नकाराची किंमत कमी, त्याची जबाबदारी जास्त. या हिशेबाने सगळ्यात वर ओस्लोतलं बोर्ड येतं आणि त्याच्या बरोबरीने नॉर्वे सरकार, कारण मोठा मालक तेच. यांगूनचा इंजिनियर सगळ्यात खाली. पण कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण बोर्डाने वापरलं तेव्हा उतरंड उलटी झाली, खालच्या माणसाचा जीव हे वरच्याचं उत्तर बनलं. कारण खरं होतं म्हणूनच ते जास्त त्रास देतं. सातशे लोकांना या जागी आणून उभं कुणी केलं, आणि त्यांना तिथून बाहेर काढायची तयारी आठ वर्षांत कुणी केली होती का?

पुढे काय झालं

म्यानमारच्या लष्करी सरकारने एम१ ला एकट्याला परवानगी दिली नाही, स्थानिक भागीदार पाहिजे म्हणाले. शेवटी श्वे ब्याइन फ्यू नावाचा स्थानिक उद्योगसमूह पुढे आला, पेट्रोल पंप आणि रत्नांच्या धंद्यातला, लष्कराशी जुने संबंध असलेला. नवीन रचनेत ८० टक्के हिस्सा त्याचा. २५ मार्च २०२२ ला विक्री पूर्ण झाली, जूनमध्ये नाव बदलून ॲटम झालं. म्हणजे जुलै २०२१ मध्ये लेबनॉनला विकलेली कंपनी प्रत्यक्षात गेली ती यांगूनमधल्याच माणसाकडे. २०२४ मध्ये अमेरिकेने याच समूहावर निर्बंध घातले.

विक्रीची घोषणा आणि विक्री पूर्ण होणं यात आठ महिने गेले. या काळात ग्राहकांनी काय केलं? ज्यांना कळत होतं त्यांनी सिम फेकून दिली. पण जुनं सिम फेकून जुन्या नोंदी जात नाहीत, आणि नवीन सिम त्याच फोनमध्ये टाकलं तर हँडसेटचा आयएमईआय नंबर दोन्ही सिम एकमेकांना जोडून देतो. हे किती जणांना माहीत असेल? खेड्यातल्या आंदोलनातल्या पोरांना कोण सांगणार?

जुलै २०२२ मध्ये लष्करी सरकारने चार राजकीय कैद्यांना फाशी दिली, तिथे कित्येक दशकांनी दिलेली फाशी. हे मी कुठल्या एका नोंदीशी जोडत नाहीये, नोंदी कसल्या लोकांच्या हाती गेल्या ते समजावं म्हणून सांगतोय.

ओरेडूने सप्टेंबर २०२२ मध्ये आपला म्यानमारचा धंदा ५७.६ कोटी डॉलरला विकायचं जाहीर केलं. टेलिनॉरच्या १०.५ कोटीशी हा आकडा ताडून बघितला की कळतं, टेलिनॉर पैशासाठी विकून गेली हा आरोप फारसा टिकत नाही. त्यांना निघायचं होतं, लवकर. माझी तक्रार पैशाबद्दल नाहीच.

ओईसीडी केंद्राकडची तक्रार समझोत्याच्या वाटेने गेली, २०२२ मध्येच सोमो आणि टेलिनॉर यांच्यात एक करार झाला, धोक्यात आलेल्या लोकांना डिजिटल सुरक्षेसाठी मदत कशी करता येईल हे तपासायचं वगैरे. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण नोंदी तोवर दुसऱ्याच्या कपाटात पोचल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

बरेच जण मार्च २०२२ ची विक्री चूक होती की बरोबर यावर भांडतात. मला वाटतं तोपर्यंत सगळेच रस्ते वाईट होते. खरे निर्णय आधीचे.

पहिला, २०१३ चा. तेव्हा सरकारला टेलिनॉरची गरज होती, देशाला फोन हवे होते, लायसन्सची बोली जिंकलेल्या कंपनीच्या शब्दाला वजन होतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय माहिती मागता येणार नाही अशी चौकट येईपर्यंत आम्ही अमुक इतक्याच नोंदी ठेवू, हे त्या टेबलावर मांडायची वेळ होती. प्रीपेड ग्राहकाचा टॉवर-लोकेशन बिलाच्या वादासाठी दोन-तीन महिन्यांच्या पुढे कशालाच लागत नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतो. जी नोंद ठेवलीच नाही ती पुसायला कुणाला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

दुसरा, २०१९-२० चा. इंटरनेट बंद आणि साइट ब्लॉक, दोन्ही वेळा कंपनी 'नाराजी नोंदवून पालन' या मार्गाने गेली. निवडून आलेलं सरकार असताना कोर्टात जायचं होतं, हरले असते तरी हरायचं होतं, ओरेडूला सोबत घेऊन जायचं होतं. आणि तिथेच बाहेर पडायची योजना करायला हवी होती. राखाइननंतर हे लष्कर काय करू शकतं याबद्दल कुणाच्या मनात शंका उरायचं कारण नव्हतं. योजना म्हणजे काय, तर वाईट दिवस आला तर कुठल्या कर्मचाऱ्यांना कुटुंबासकट देशाबाहेर हलवायचं, कुठल्या नोंदी आधीच कमी करायच्या, चाव्या कुणाकडे असतील, खरेदीदार कोण चालेल आणि कोण अजिबात नाही.

तिसरा, १४ फेब्रुवारी २०२१ चा. हुकूम जाहीर करणं बंद झालं तेव्हा निदान ग्राहकांना एवढं तरी सांगता आलं असतं की आजपासून या नेटवर्कवर तुमची माहिती सुरक्षित आहे असं समजू नका. लोकांनी टेलिनॉर निवडलं होतं ते भरवशावर. भरवसा संपला तो क्षण कंपनीला कळला, ग्राहकाला कळायला जुलै उजाडला. त्या पाच महिन्यांत किती फोन झाले असतील. या एका गोष्टीसाठी मी कंपनीला माफ करू शकत नाही, कारण इथे कर्मचाऱ्याच्या जीवाची सबबही अर्धीच लागू होते, हे वाक्य ओस्लोहून बोलता आलं असतं.

चौथा, विक्रीचा. घोषणेच्या आधी नागरी संघटनांशी बोलणं झालं नाही ही तक्रार मला रास्त वाटते. ग्राहकांच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. एम१ पुढे कुणाला तरी भागीदार करेल आणि तो लष्कराच्या ओळखीतलाच असेल, हे तिथल्या कुठल्याही कार्यकर्त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं.

मे २०१८ मध्ये टेलिनॉरने भारत सोडला तेव्हा तिचे सगळे ग्राहक एअरटेलकडे गेले, महाराष्ट्रातले, गोव्यातले सुद्धा. माझा नंबरही त्यात होता. मला एक मेसेज आला, नेटवर्कचं नाव बदललं, आणि मी कामाला लागलो. माझे जुने सीडीआर कुठे गेले हे मी विचारलं नाही, माझ्या ओळखीत कुणीच विचारलं नाही, आणि आम्ही तर या धंद्यातले. विचारायची गरज वाटली नाही कारण दोन्ही बाजूंना वाईट दिवस दिसत नव्हता. म्यानमारच्या लोकांनाही २०१४ मध्ये तो दिसत नव्हता, उलट चांगले दिवस आलेत असंच सगळे म्हणत होते. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे कॉल रेकॉर्ड ठेवायची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं झाली, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर यांगून आलं.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एका नवीन परदेशी ग्राहकाचं काम आलं, सिस्टीमची कागदपत्रं भरत होतो. एका तक्त्यात प्रत्येक फील्डसमोर ती किती दिवस ठेवायची हे लिहायचं असतं. लोकेशनच्या फील्डसमोर आधीच्या प्रोजेक्टमधून कॉपी झालेला आकडा होता, ३६ महिने. टीममधला पोरगा म्हणला, दादा हा डिफॉल्ट आहे, तसाच राहू दे. मी तो आकडा काढला, रकाना रिकामा ठेवला आणि शेजारी लिहिलं, बिलासाठी ९० दिवस पुरतात, त्याहून जास्त हवे असतील तर कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली ते लेखी द्या. अजून उत्तर आलेलं नाही.